दर रविवारी डीफ्रॅग लावणारे बाबा आणि नवी एसएसडी

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

घरातला एक वाद इथे आणतेय. माझे बाबा निवृत्त शिक्षक. १९९९ साली घरात पहिला संगणक आला, विंडोज ९८वाला. तेव्हापासून रविवारी पूजा आटोपली की डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावण्याचं काम) लावायचा, हा त्यांचा नेम. तो चालू असताना पडद्यावर हलणाऱ्या रंगीत चौकोनांसमोर आम्ही भावंडं मांडी घालून बसायचो. केबल गेलेली असली की तेवढंच मनोरंजन.

आता त्यांच्याकडे असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०. दिवाळीत मी त्यात २५० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी चिपवाली ड्राइव्ह) बसवून घेतली. सी ड्राइव्ह तिच्यावर. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून आतच ठेवली. तिच्यात फोटो, भजनं, शाळेच्या स्नेहसंमेलनांचं चित्रण. डी ९३ टक्के भरलाय.

नेम अजून सुरू आहे, दोन्ही ड्राइव्हवर. एसएसडी बसवणारा दुकानदार म्हणाला, "काका, एसएसडीला डीफ्रॅग लावलात तर जळेल ती." बाबांचं म्हणणं, "मग विंडोज ते बटण देतंच कशाला?" दोघांच्या मध्ये माझी पंचाईत.

तर विचारायचं असं की, एसएसडीवर ते बटण दाबलं की नेमकं होतं काय? डी ड्राइव्हला अजून डीफ्रॅगची गरज आहे का, असली तर किती दिवसांनी? काम चालू असताना वीज गेली तर? आणि बाबांचा खास प्रश्न : ते चौकोन कुठे गेले?


पाटावरवंटा | शनिवार, रात्री ९.३२

मी पयला!

ते चौकोन बघत बसल्यामुळे दहावीला गचकता गचकता वाचलो. वाचतोय.


लोहचुंबक | शनिवार, रात्री ११.२५

कृष्णाकाठताई, दुकानदार पाव बरोबर, बाबा पाऊण.

आधी हार्ड डिस्क, कारण डीफ्रॅग तिच्यासाठीच जन्माला आला. आत तबकड्या फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावर आतबाहेर सरकतं. लॅपटॉपातल्या डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात, डेस्कटॉपातल्या ७२००. ५४०० धरले तर एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच. त्याआधी डोकं योग्य वर्तुळावर न्यायला साधारण १२. म्हणजे एका तुकड्यापर्यंत नुसतं पोचायलाच साडेसतरा मिलिसेकंद गेले, वाचन त्यानंतर. फाइल २००० तुकड्यांत विखुरली असेल तर ३५ सेकंद निव्वळ धावपळीचे.

पंगतीचं बघा. एका घरचे आठ जण ओळीने बसले तर वाढपी एका दमात वाढून पुढे सरकतो. तेच आठ जण मांडवभर मिळेल त्या पानावर बसले आणि "आमच्या घरच्यांना एकदमच वाढा" म्हणाले की वाढप्याचे पाय गेले. लोक असे विखरून बसतात ते हौसेने नाही, पंगत भरत आलेली असते म्हणून. डिस्क जितकी भरलेली, तितकी नव्या फाइलला सलग जागा मिळायची मारामार. आणि बसलेल्यांना उठवून ओळीत बसवायचं तर चार पानं मोकळी लागतातच. एक्सपीतला डीफ्रॅग १५ टक्के जागा मोकळी मागायचा तो यासाठी. तुमचा डी ९३ टक्क्यांवर आहे, तिथे डीफ्रॅगच्या आधी आवराआवर.

एसएसडीत फिरणारं काही नाही, डोकं नाही. कुठल्याही तुकड्यापाशी पोचायला ०.१ मिलिसेकंद, बऱ्याचदा त्याहून कमी. वरचे २००० तुकडे ०.२ सेकंदांत गोळा. शिवाय विंडोजला वाटतं आपण सगळ्यांना ओळीत बसवलं, पण आतला कंट्रोलर झीज सारखी वाटली जावी म्हणून डेटा त्याला योग्य वाटेल तिथे ठेवतो. त्यामुळे ओळीत बसवण्याचा फायदा जवळपास शून्य.

आता ते बटण. विंडोज ८ पासून त्या खिडकीचं नावच 'ऑप्टिमाइझ' झालंय. ड्राइव्ह हार्ड डिस्क असेल तर ते डीफ्रॅग करतं, एसएसडी असेल तर 'ट्रिम' पाठवतं. बटण एक, कामं दोन. बाबा गेले काही महिने सी वर डीफ्रॅग करत नव्हतेच, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

ट्रिम समजायला शाळेतली पाटी घ्या, बाबांना आवडेल. एसएसडीला एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. तुम्ही फाइल उडवली की विंडोज फक्त आपल्या वहीत 'ही जागा मोकळी' अशी नोंद करतं, एसएसडीला पत्ताच नसतो. ती बिचारी त्या मेलेल्या ओळीही जपून दुसऱ्या पाटीवर उतरवत बसते. ट्रिम तिला सांगतं की या ओळी गेल्या, जपू नकोस. विंडोज ७ पासून फाइल उडवताक्षणीच हा निरोप जातो. आठवड्यातून एकदा ऑप्टिमाइझ सगळ्या मोकळ्या जागेची यादी पुन्हा वाचून दाखवतं, मधे एखादा निरोप राहिला असेल तर म्हणून.


सोलापुरी_कडक | रविवार, सकाळी ७.०५

लोहचुंबक यांच्याशी सहमत. 'जळते' हे जे पसरलंय त्याचा हिशोब मांडतो, आकडे असले की भांडण लवकर मिटतं.

२५० जीबीच्या चांगल्या साटा एसएसडीवर १५० टीबी लेखनाची हमी मिळते. समजा विंडोजने तिला चुकून हार्ड डिस्क समजून दर आठवड्याला ४० जीबी इकडचं तिकडे केलं. वर्षाला झाले २ टीबीच्या आसपास. आतल्या आत होणारी उठाठेव धरून तिप्पट करा, ६ टीबी. तरी हमी संपायला २५ वर्षं. मदरबोर्ड त्याआधी जाईल.

थोडक्यात, जळत बिळत नाही. फुकटची झीज आहे, आणि फुकटची म्हणूनच करू नये.


पेठेतला | रविवार, सकाळी ८.४०

एक दुरुस्ती, कारण ती केल्याशिवाय आम्हाला चहा जात नाही.

"एसएसडीवर विंडोज डीफ्रॅग करतच नाही" असा अर्थ वरून निघतो, तो पूर्ण खरा नाही. सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या अवस्थेत परत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज साधारण महिन्यातून एकदा एसएसडीवरही खरोखरचा डीफ्रॅग करतं. रिस्टोअरसाठी ड्राइव्हची जी जुनी छबी जपली जाते, तिचं काम फाइलींचे फार तुकडे झाले की मंदावतं. दुसरं म्हणजे एका फाइलचे किती तुकडे नोंदवता येतात याला एनटीएफएसमध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायच्या विंडोजच्या आताच्या पद्धतीत) मर्यादा आहे. ती ओलांडली तर फाइल वाढवताच येत नाही, एसएसडी कितीही चपळ असली तरी. हे दोन्ही मायक्रोसॉफ्टने जाणूनबुजून ठेवलंय. तेव्हा महिन्यातून एकदा एसएसडीवर डीफ्रॅग दिसला तर घाबरून शेड्यूल बंद करू नका. ते बंद केलंत तर आठवड्याचं ट्रिमही गेलं.

घोटाळा झालाच नाही असं मात्र नाही. मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत ऑप्टिमाइझ शेवटचं कधी चाललं हेच ते विसरायचं. प्रत्येक वेळी मशीन चालू केलं की पुन्हा पहिल्यापासून. सप्टेंबरातल्या अपडेटने ते दुरुस्त झालं. दुकानदाराने बहुधा तेव्हाचं काहीतरी ऐकलं असावं.


कोकणकडा | रविवार, सकाळी ९.१५

विजेच्या प्रश्नावर मी बोलतो, माझा अधिकार आहे. २००५-०६ साली भारनियमनात आमच्या गावाला तासन्‌तास वीज नसायची, वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं आणि तेही पाळलं जायचं नाही. यूपीएस होता, बॅटरी फुगलेली. मशीनवर विंडोज ९८, फाइली मांडायची पद्धत जुनी फॅट ३२. डीफ्रॅग ६० टक्क्यांवर आणि फटकन अंधार. वीज आली की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क, "संगणक नीट बंद केला नव्हता" असा वर ठपका, जसा काही मीच खांबावर चढून तारा तोडल्या होत्या. एकदा एका दस्तऐवजात दुसऱ्याचीच चार पानं घुसली. ग्रामपंचायतीच्या अर्जाच्या मधोमध मामेबहिणीची लग्नपत्रिका.

एनटीएफएसवर मात्र इतकं भय नाही. डीफ्रॅग आधी तुकड्याची प्रत नव्या जागी लिहितो आणि मग नोंद बदलतो. त्या नोंदीला जर्नलचं, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या रोजनिशीचं, संरक्षण असतं. मधेच वीज गेली तर जुनी नोंद तरी खरी राहते किंवा नवी तरी, अधलंमधलं काही उरत नाही. डिस्कलाच धक्का बसून ती बिघडली तर गोष्ट वेगळी.

अवांतर : ९८चा डीफ्रॅग १० टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर यायचा तो कुणाला आठवतोय का? स्क्रीनसेव्हरने नाहीतर अँटिव्हायरसने डिस्कवर काही लिहिलं की "ड्राइव्हमधला मजकूर बदलला" म्हणत पहिल्यापासून सुरू. सेफ मोडमध्ये लावायचा हा त्यावरचा गावठी उतारा.


पाटावरवंटा | रविवार, सकाळी ९.२१

लग्नपत्रिका अर्जात गेली ते सोडा. अर्ज पत्रिकेत गेला नाही ना? (ह. घ्या.)


हरवलेलं_पान | रविवार, सकाळी १०.०२

धाग्यात घुसखोरीबद्दल माफी. काल दुपारी लॅपटॉपला डीफ्रॅग लावलाय. सहा वर्षं जुना, ५०० जीबीची हार्ड डिस्क, फार हळू झाला होता म्हणून. १९ तास झाले, अजून 'पास १, ७ टक्के'. अधूनमधून टक टक आवाज येतो. किती वेळ लागेल अजून? चालू ठेवू ना?


लोहचुंबक | रविवार, सकाळी १०.०६

थांबवा. आत्ता. खिडकीत 'स्टॉप' आहे, त्याने काही बिघडत नाही. पण लॅपटॉप बंद करू नका, आणि चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) अजिबात लावू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं छोटं मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणा आणि उघडा. निळं आहे की पिवळं ते सांगा. यादीत 'रिअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' अशा दोन ओळी असतील (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानसा कप्पा), त्यांच्यापुढचे आकडे लिहा. ते बऱ्याचदा हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायच्या अंकांत) दिसतात, दिसतील तसे टाका.


हरवलेलं_पान | रविवार, सकाळी १०.४८

पिवळं आहे. पहिल्यापुढे ७०, दुसऱ्यापुढे बी८.


सोलापुरी_कडक | रविवार, सकाळी १०.५३

बी८ म्हणजे १८४. इतके सेक्टर डिस्कला वाचता येईनासे झालेत. ७० म्हणजे ११२, तितके आधीच बाद करून राखीव जागा वापरली आहे. भाऊ, तुमची डिस्क हळू झाली ती तुकड्यांमुळे नव्हे. एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय, म्हणून.

आणि डीफ्रॅग अशा वेळी काय करतो, तर मरणपंथाला लागलेल्या माणसाकडून घरातलं सगळं फर्निचर हलवून घेतो.


लोहचुंबक | रविवार, सकाळी ११.००

नेमकं. एक्सटर्नल डिस्क जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या. फोटो, कागदपत्रं, कामाच्या फाइली. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर शेवटी, नाहीतर नकोच. एकदम सगळं उचलून कॉपी लावू नका, फोल्डर फोल्डर करून घ्या. एखादी फाइल अडली की 'स्किप' करून पुढे जा, तिच्यापाशी रेंगाळू नका. चेकडिस्कला नको म्हटलं कारण त्याच्या स्लॅश आर प्रकारात तो अख्खी डिस्क घासून वाचतो. प्रती काढून झाल्या की हवी ती हौस करा.

जे लोक हा धागा नुसता वाचतायत त्यांना : मशीन हळू झालं की आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघा, मग टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के कोण खातंय ते बघा. डीफ्रॅगचा नंबर त्यानंतर. माझ्याकडे 'डीफ्रॅग करून द्या' म्हणून जी मशीनं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना डीफ्रॅगची नाही तर एसएसडीची गरज असते, आणि काहींना स्मशानाची.


पेंग्विनभाऊ | रविवार, दुपारी १२.३०

लिनक्स टाका, डीफ्रॅग नको की काही नको.


पेठेतला | रविवार, दुपारी १२.४१

आलात? वाटच बघत होतो.

लिनक्सची फाइली मांडायची पद्धत, ईएक्सटी४, फाइली एकमेकींना चिकटवून न ठेवता मधे जागा सोडून ठेवते, आणि किती लिहायचंय याचा अंदाज येईपर्यंत जागा ठरवायचं लांबणीवर टाकते. म्हणून तुकडे कमी होतात. कमी, शून्य नव्हे. ९५ टक्के भरलेल्या डिस्कवर तुमचा पेंग्विनही घसरतो. नाहीतर ई४डीफ्रॅग नावाचं हत्यार त्याच लोकांनी कशाला बनवलं असतं? आणि उबुंटू हे लिनक्स आठवड्यातून एकदा गुपचूप एफएसट्रिम चालवतं, म्हणजे विंडोज जे करतं तेच.

मॅकवाल्यांनी कॉलर ताठ करण्याआधी : मॅकची फाइली मांडायची जुनी पद्धत, एचएफएस प्लस, २००३ च्या पँथर आवृत्तीपासून २० एमबीपेक्षा छोटी आणि आठाहून जास्त तुकड्यांची फाइल उघडली की तिथल्या तिथे सांधायची. करत सगळेच होते, गाजावाजा तेवढा विंडोजने केला.


अटलांटिकपार | रविवार, दुपारी ३.५५

इकडे आता कुठे सकाळ होतेय. दोन गोष्टी जोडतो.

विंडोज '० टक्के तुकडे' म्हणतं आणि डीफ्रॅगलरसारखं बाहेरचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हला '२२ टक्के' म्हणतं, त्यावरून लोक गोंधळतात. व्हिस्टापासून ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना विंडोज तुकडे मानतच नाही. गणित सोपं आहे. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कला ६४ एमबीला ६४० मिलिसेकंद लागतात, त्यापुढे पुढच्या तुकड्यापर्यंत जायचे साडेसतरा म्हणजे किस झाड की पत्ती. बाबांची स्नेहसंमेलनं २ जीबीची असतील आणि तीस तुकड्यांत असतील, तरी बघताना पापणीही हलणार नाही.

दुसरं, हल्लीच्या स्वस्त, मोठ्या हार्ड डिस्कमधल्या अनेक एसएमआर प्रकारच्या असतात. तिथे माहितीच्या पट्ट्या घराच्या कौलांसारख्या एकमेकींवर अर्ध्या चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचकटावी लागतात. अशा डिस्कवर मोठा डीफ्रॅग म्हणजे दिवसच्या दिवस. बॅकअपसाठीच वापरायच्या असतील तर त्यांना डीफ्रॅगच्या वाटेला नेऊच नका.


कौलारू | रविवार, दुपारी ४.३०

आयडीवर ओढवून घेतो. आमची कौलं खरंच तशीच बदलावी लागतात, दर मे महिन्यात.

एक प्रश्न. बहिणीच्या लग्नाचे फोटो चुकून उडाले, रीसायकल बिनमधूनही. 'रिकव्हरीआधी डीफ्रॅग कर, फाइली वर येतील' असं एकाने सांगितलं. हार्ड डिस्कच आहे.


सोलापुरी_कडक | रविवार, दुपारी ४.३४

त्या मित्राला पुन्हा विचारू नका. फोटो उडाले म्हणजे त्यांची नोंद गेली, मजकूर अजून तिथेच असण्याची शक्यता आहे. डीफ्रॅग त्या 'मोकळ्या' जागेत दुसऱ्याच फाइली आणून बसवेल. त्या ड्राइव्हवर काहीही नवं लिहू नका, आठवड्याचं शेड्यूलही तूर्त बंद. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, सापडलेले फोटोही तिसरीकडेच उतरवा. एसएसडी असती तर ट्रिमने एव्हाना बहुतेक पाटी कोरी झाली असती, तेव्हा हार्ड डिस्क आहे हे नशीब.


जुना_टंकक | रविवार, संध्याकाळी ६.१०

चौकोनांचं कुणीच बोललं नाही, म्हणून आलो.

१९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये डीफ्रॅग पहिल्यांदा आला, तो मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडून घेतलेला, म्हणजे नॉर्टनच्या स्पीड डिस्कचा धाकटा भाऊ. ९५ आणि ९८ मध्ये ते रंगीत चौकोन. एनटी ४ मध्ये डीफ्रॅगच नव्हता. विंडोज २००० मधला डिस्ककीपर हे डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून आला, तिथून एक्सपीपर्यंत चौकोन जाऊन पट्टे झाले : लाल तुकड्यांचे, निळे सलग, हिरवे न हलणारे, पांढरे मोकळे. आणि व्हिस्टात तेही काढून टाकलं. काम पाठीमागे, ठरल्या वेळी, बुधवारी रात्री एकला. बघायला कुणी जागं नाही, मग चित्र कुणासाठी काढायचं?

माझ्या डीटीपीच्या दुकानात रात्री डीफ्रॅग लावून शटर ओढायचो आणि सकाळी उदबत्ती लावायच्या आधी तो पूर्ण झाला का बघायचो. बाबांचा नेम मला कळतो.


हरवलेलं_पान | मंगळवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लागले. अकरा फाइली सोडून सगळं निघालं, त्या अकरात एक जुना बायोडेटा आहे, तो गेला तेच बरं. आज सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही.


कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.५०

बापरे. वेळेत निघालं ते बरं झालं.

आमचा अहवाल. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. पंगत आणि पाटी दोन्ही पसंत. सी वर शेड्यूल तसंच ठेवलं. पेठेतला म्हणाले तसं रिस्टोअर चालू निघालं. ट्रिम चालू आहे का ते एफएसयुटिलच्या कमांडने तपासलं. 'डिसेबल' समोर शून्य आलं म्हणजे चालू आहे, हे मला नकाराचा नकार म्हणून बाबांनीच समजावलं, व्याकरणाचे शिक्षक ना. डी चं विश्लेषण केलं तर फक्त ४ टक्के. जास्तीचं काढून टाकल्यावर डी ५८ टक्क्यांवर आला. चौकोन दाखवणारं डीफ्रॅगलर बसवून दिलंय, डी पुरतं, आणि बाबा खूश आहेत.

त्यांची एक शंका राहिली : पंगतीतला वाढपी म्हणजे डोकं की विंडोज?


लोहचुंबक | मंगळवार, रात्री ११.०४

डोकं. विंडोज हा पाटाची मांडणी ठरवणारा घरचा माणूस, कुणी कुठे बसायचं ते त्याच्या यादीत.

पण ताई, ९३ वरून ५८ म्हणजे साडेतीनशे जीबी काढलंत. काय होतं एवढं? आणि डी ची नक्कल दुसरीकडे कुठे ठेवली आहे ना? ती डिस्क किती वर्षांची आहे?


कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११.१९

विचारून आले. डिस्क २०१३ ची. नक्कल होती म्हणे, डी वरच, 'डी ची प्रत' नावाच्या फोल्डरात. आम्ही जास्तीचं म्हणून उडवलं ते तेच.


लोहचुंबक | मंगळवार, रात्री ११.२१

मूळ फोटो उघडतायत ना, ते आत्ता बघा. उद्या दुकान उघडलं की २ टीबीची एक्सटर्नल. येत्या रविवारी डीफ्रॅग नाही, कॉपी.